चर्चची दिशा कोणती मानायची: दाराची, वेदीची की माणसांची?

सिव्हिल_लाइन्सचा_भटक्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या हेरिटेज वॉकच्या ग्रुपवर परवापासून एक वाद पेटलाय. तिथे आता नुसत्या इमोजी पडताहेत, माहिती काही येत नाही, म्हणून इथे आणतोय.

ग्रुपमधले एक वास्तुवाले गृहस्थ म्हणाले, "चर्चसुद्धा पूर्वाभिमुखच बांधतात, आपल्या देवळांसारखी. शास्त्र सगळीकडे एकच." त्यावर मी आपल्या नागपुरातल्या सदर भागातल्या एका जुन्या, इंग्रजांच्या वेळच्या चर्चचे फोटो टाकले. मोठं दार पश्चिमेला. आत बाकांच्या रांगा, समोर पूर्वेच्या टोकाला वेदी आणि तिच्यामागे रंगीत काचांची उंच खिडकी. सकाळी नऊच्या सुमारास त्या काचेतून येणारं ऊन वेदीच्या पायऱ्यांवर लाल-निळं सांडलेलं असतं. म्हणजे देवळाच्या बरोबर उलटं की! पूर्वाभिमुख देवळात मूर्ती पूर्वेला बघते आणि आपण हात जोडतो ते पश्चिमेकडे तोंड करून. इथे माणसंच पूर्वेला बघतात, दार त्यांच्या पाठीशी.

मग पूर्वाभिमुख कोण म्हणायचं? हा खरंच नियम आहे का, आणि आला कुठून? जाणकारांनी लिहावं.

---

खरबीचा_भाऊ

राजेहो, बाकीचं मले माहीत नाही. पण नागपुरात पश्चिमेले एवढं मोठं दार ठेवणाऱ्यानं मे महिना पाह्यला नसन. संध्याकाळच्या पाचले आत बसून पाहा म्हणा. म्हणूनच दाराच्या पुढं तो खोल पोर्च काढला असन त्यायनं.

---

जुनी_पोथी

भाऊ, पोर्चचं हसण्यावारी नेऊ नका. इंग्लंडातला नकाशा इथे आणून बसवला की पहिली भर पडते ती पोर्चची आणि व्हरांड्याची.

आता मूळ प्रश्न. उत्तर इमारतीत शोधलं की घोळ होतो, कारण इमारत नंतर आली. आधी माणूस पूर्वेला वळला. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांकडे स्वतंत्र प्रार्थनाघरं नव्हतीच, कुणाच्या तरी घरात जमायचे. सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे असं एक घर उत्खननात सापडलंय. साधारण २४० च्या आसपास भिंती पाडून, खोल्या जोडून ते उपासनेसाठी केलेलं होतं. पण पूर्वेला तोंड करून प्रार्थना करायची पद्धत त्याच्याही आधीची. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन १९७ च्या सुमारास लिहितो की आम्ही पूर्वेकडे वळून प्रार्थना करतो म्हणून लोकांना वाटतं सूर्य हाच आमचा देव. म्हणजे तेव्हाच ही सवय इतकी उघड होती की शेजारीपाजारी त्यावरून बोलत होते. त्याच सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंटही उगवतीकडे तोंड करून प्रार्थना करण्याबद्दल लिहितो.

मला सगळ्यात आवडतो तो तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन. तो अगदी घरगुती अडचण घेतो: समजा तुमच्या घराचं दार दुसऱ्याच दिशेला आहे, तिकडे मोकळं आकाश दिसतंय आणि पूर्वेला नुसती भिंत आहे. मग प्रार्थना कुठे बघून करायची? तो म्हणतो, भिंतीकडे. घराचं दार माणसाने ठरवलंय, पूर्व ही निसर्गतःच पूर्व आहे.

भटक्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या भिंतीत आहे. दाराचा संबंधच नाही. प्रार्थना करणाऱ्याचं तोंड कुठे, एवढाच प्रश्न. मग जेव्हा खास इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा त्या या वळलेल्या माणसाभोवती बेतल्या गेल्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस सीरियाकडे लिहिल्या गेलेल्या एका नियमसंग्रहात सांगितलंय की वास्तू लांबट असावी, तिचा माथा पूर्वेला असावा, जहाजासारखी.

पूर्वच का, याची कारणं त्यांनीच दिलेली आहेत. बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात एदेन बाग, म्हणजे माणसाचं पहिलं घर, पूर्वेकडे लावल्याचं येतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात मनुष्याच्या पुत्राचं, म्हणजे ख्रिस्ताचं, परत येणं पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत चमकणाऱ्या विजेसारखं असेल, असं आहे. म्हणजे मागे सुटलेलं घरही पूर्वेला आणि ज्याची वाट बघायची तोही पूर्वेकडूनच येणार. चौथ्या शतकातला संत बेसिल तर सरळ सांगतो की पूर्वेला वळण्याची ही चाल लेखी आज्ञेतून आलेली नाही, परंपरेने आलीय, आणि आपण आपला जुना देश शोधतोय हे वळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. नव्या करारात "पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करा" असं वाक्य कुठेच नाही.

यरुशलेमेतली चौथ्या शतकातली बाप्तिस्म्याची रीत वाचली की हे डोळ्यांपुढे उभं राहतं. उमेदवाराला आधी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला तोंड करून उभं करायचे. तो हात पुढे करून, सैतान समोर उभा असल्यासारखा त्याला नाकारायचा. मग तिथल्या तिथे पूर्वेला वळून विश्वासाची कबुली द्यायचा.

---

तर्कट

माहिती छान, पण गोड गोड वाटतेय. रोमन सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचं मंदिर बांधून त्याला राजाश्रय दिला. कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये "सूर्याचा वार" सुट्टीचा केला. २५ डिसेंबर, सूर्याचाही सण आणि नाताळही, तुम्हाला माहीत आहेच. मग पूर्व दिशाही तिथूनच उचलली, हे सरळ दिसतंय की. एदेन वगैरे नंतर चिकटवलेली कारणं.

---

जुनी_पोथी

तर्कट, तुमच्याच तारखा घ्या. टर्टुलियन १९७ चा, ऑरेलियन २७४ चा, कॉन्स्टंटाइन ३२१ चा. जी सवय आधी होती ती नंतरच्या सम्राटाकडून कशी उचलणार?

अर्थात सूर्याचा काही संबंधच नव्हता असं मी म्हणणार नाही. उगवतीला नमस्कार करणं त्या काळी भूमध्य समुद्राकाठी सर्रास होतं. टर्टुलियन स्वतःच विरोधकांना टोमणा मारतो की तुमच्यातलेही पुष्कळ जण उगवत्या सूर्याकडे बघून ओठ हलवतात की! आणि सरमिसळ होत होती याचा पुरावा थेट पोपकडून आहे. पाचव्या शतकात पोप लिओ पहिला नाताळच्या प्रवचनात चिडून बोलतो: लोक रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या पायऱ्या चढतात आणि आत जाण्याआधी मागे वळून सूर्याला वाकून नमस्कार करतात! शिवाय बायबलातल्याच यहेज्केलच्या आठव्या अध्यायात मंदिराकडे पाठ करून पूर्वेला सूर्यापुढे वाकणाऱ्यांवर देवाचा कोप आहे. म्हणजे ज्यांनी पूर्व निवडली त्यांच्याच ग्रंथात ही धोक्याची पाटी होती. तरीही निवडली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसती नक्कल करायची असती तर इतकी सारवासारव करत बसले नसते.

---

तर्कट

तारखांचा मुद्दा मान्य. पण "हवेत होतंच" याला आम्ही उचलणंच म्हणतो. असो.

---

तिरुवल्ला_ते_त्रिमूर्तीनगर

जन्म नागपूरचा, घर मल्याळी, त्यामुळे मध्ये बोलतो. आमचं घराणं ऑर्थोडॉक्स सिरियन, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती परंपरेतलं. आमच्यासाठी हा इतिहास नाही, रोजचं आहे. त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर क्रूस आहे आणि संध्याकाळची प्रार्थना सगळे तिकडे तोंड करून उभ्याने करतात. फ्लॅट घेताना वडील बिल्डरला विचारत होते की पूर्वेच्या भिंतीला खिडकी आहे की कोरी आहे. बिल्डरला वाटलं वास्तू बघताहेत. त्याने लगेच देवघराची जागा दाखवली!

एक गैरसमज मात्र इथेच मिटवतो. पुष्कळांना वाटतं चर्च यरुशलेमेकडे तोंड करून असतात. युरोपातून बघितलं तर यरुशलेम साधारण पूर्वेकडेच पडतं, म्हणून ते पटतं. पण केरळात या. तिथल्या जुन्या सिरियन चर्चमध्येही वेदी पूर्वेला. यरुशलेम आमच्या पाठीशी राहतं, अरबी समुद्राच्याही पलीकडे. यहुदी लोक यरुशलेमेकडे वळतात, बायबलमधल्या दानीएलच्या सहाव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या दानीएलची खिडकी तिकडे उघडलेली आहेच. मुसलमान मक्केकडे वळतात. दोघांनाही एक ठिकाण आहे. आमच्याकडे ठिकाण नाही, नुसती दिशा आहे. जगात कुठेही उभे राहा, पूर्व ती पूर्व.

---

मोमिनपुरा_एक्सप्रेस

सलाम. वरच्या मुद्द्याला पुस्ती. आमचाही पहिला किबला, म्हणजे नमाजाची दिशा, यरुशलेमच होता, मक्केकडे वळणं ६२४ मधलं. आणि दोन्ही पद्धती एकाच छताखाली बघायच्या तर इस्तंबूलची आया सोफिया. मूळ चर्च, त्यामुळे वेदीचा अर्धगोल भाग आग्नेयेकडच्या उगवतीला. १४५३ नंतर मशीद झाली तेव्हा मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, नेमकी मधोमध बसेना, कारण मक्का आणखी दक्षिणेला. म्हणून ती मधल्या रेषेपासून उजवीकडे सरकवलेली आहे. फोटोत नीट बघा, गालिच्याच्या रेघाही इमारतीला तिरप्या दिसतात.

---

थिओडोलाइट

आत्ता आला माझा विषय.

"पूर्व" म्हणजे कुठली पूर्व? सूर्य वर्षातून दोनदाच, विषुवदिनांच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या) आसपास, बरोब्बर पूर्वेला उगवतो. नागपूरचा अक्षांश २१ च्या जरासा वर, त्यामुळे आपल्याकडे उगवती जून ते डिसेंबर पूर्वेच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ अंश सरकते. लंडनला हेच सरकणं जवळपास ४० अंश आहे. म्हणजे "सूर्योदयाकडे तोंड करून बांध" एवढंच गवंड्याला सांगितलं तर इंग्लंडात चर्च ईशान्येपासून आग्नेयेपर्यंत कुठेही वळू शकतं. पाया आखला त्या दिवशीची उगवती धरली, की त्या संताच्या सणाच्या दिवसाची, यावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात खूप शाई खर्च झालीय. काही चर्चना ते लागू पडतं, पुष्कळांना पडत नाही. मिलानचा कार्डिनल चार्ल्स बोरोमिओ याने १५७७ च्या बांधकामाच्या सूचनांत हे निकालात काढलं: उन्हाळ्यातली उगवती नको, विषुवदिनाची घ्या.

त्यातही गंमत आहे. तेव्हाची दिनदर्शिका १२८ वर्षांत एक दिवस घसरत होती. तेराव्या शतकाच्या मध्याला कुणी पंचांग बघून २१ मार्चला उगवती धरली असेल तर खरा विषुवदिन होऊन आठवडा उलटलेला असायचा, आणि लंडनच्या अक्षांशावर तेवढ्यात उगवती पाच अंश उत्तरेला सरकते. १५८२ मध्ये दहा दिवस गाळले तेव्हा कुठे हे जागेवर आलं. जुनी चर्च पाच-सात अंशांनी तिरकी दिसली की लगेच गूढ अर्थ काढू नका. कधी पंचांग, कधी टेकडी, कधी आधीचाच पाया.

भटक्या, तुमच्या फोटोतलं चर्च मोजायचं तर फोन भिंतीला टेकवून मोजू नका. आतल्या लोखंडामुळे होकायंत्र हवं ते सांगतं. बाहेर, भिंतीच्या रेषेत वीसेक पावलं दूर उभे राहा. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, ती काळजी सोडा. त्याहून सोपं म्हणजे सॅटेलाइट नकाशावर छपराच्या कण्याची रेघ मोजा. आणि वर किबल्याचा विषय निघालाय म्हणून: नागपूरहून मक्का बरोबर पश्चिमेला नाही, साताठ अंश उत्तरेकडे झुकते.

---

आत्या_मोहननगर

पोरांनो, छान लिहिताय. मी कॅथलिक. आमच्या लहानपणी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, फादरांची पाठच दिसायची. लॅटिन काही कळायचं नाही, त्यांच्या झग्याच्या पाठीवरचा भरतकामाचा क्रूस मात्र मला आजही काढून दाखवता येईल. नंतर १९६०च्या दशकातल्या व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर वेदी भिंतीपासून पुढे ओढली गेली आणि फादर आमच्याकडे तोंड करून मराठीत बोलू लागले. माझ्या आईला ते बरीच वर्षं खटकलं. ती म्हणायची, "आधी आपण सगळे मिळून एकीकडे बघायचो, आता एकमेकांकडे बघतो." मला स्वतःला मात्र फादरांचा चेहरा दिसलेलाच बरा वाटतो.

आणखी एक कुणी लिहिलं नाही. मातीत ठेवतानासुद्धा जुन्या रिवाजाप्रमाणे डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. पुनरुत्थानाच्या दिवशी उठून बसलं की तोंड आपोआप पूर्वेला व्हावं म्हणून. आमच्या दफनभूमीत जुन्या रांगा अशाच आहेत. पलीकडच्या नव्या रांगा वाटेच्या सोयीने आडव्या-उभ्या झाल्यात. जागाच उरली नाही तर काय करणार?

---

तिरुवल्ला_ते_त्रिमूर्तीनगर

आत्या, तुमच्या आईच्या म्हणण्यावरून केरळात अगदी अलीकडेही रस्त्यावर भांडणं झाली. केरळातल्या सिरो-मलबार कॅथलिकांच्या सिनॉडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, २०२१ मध्ये ठरवलं की कुर्बानाच्या (तुमच्या मिस्साच्या) पहिल्या भागात फादरांनी लोकांकडे बघायचं आणि अर्पणाच्या भागात वेदीकडे. एर्नाकुलम-अंगमाली भागातल्या फादरांनी आणि लोकांनी जोरदार विरोध केला, तिथलं मुख्य बॅसिलिका पोलीस बंदोबस्तात बंद ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. बाहेरच्याला वाटतं, उभं कुठे राहायचं यावर काय भांडायचं. आतल्याला विचारा.

---

सिव्हिल_लाइन्सचा_भटक्या

वाचनखूण साठवलीय. एक शंका. जुनी_पोथी, वर पोप लिओचं वाक्य दिलंत. लोक पायऱ्या चढून मागे वळले आणि समोर सूर्य दिसला, याचा अर्थ सेंट पीटर्सचं दार पूर्वेला? मग नियमाचं काय झालं?

---

जुनी_पोथी

नेमकं पकडलंत. कॉन्स्टंटाइनच्या वेळचं सेंट पीटर्स पूर्वेला दार आणि पश्चिमेला वेदी असंच होतं. आजचंही तसंच आहे. रोमचं लॅटरन चर्चही तसं, आणि यरुशलेमेत ख्रिस्ताच्या कबरीशेजारी ३३५ मध्ये ज्याचं समर्पण झालं ते चर्चही तसंच. तिथे कबर पश्चिमेला, म्हणून पूर्वेकडून आत येऊन कबरीच्या दिशेने जायचं. व्हॅटिकनला संत पेत्राची कबर टेकडीच्या उतारावर, तिच्याभोवतीच वेदी बसवायची, मग बाकीचं जमेल तसं. यरुशलेमच्या जुन्या मंदिराचंही दार पूर्वेला आणि परमपवित्र स्थान पश्चिमेला होतं. हिंदू देवळाशी तुलना करायचीच तर ती या पिढीशी करावी, आपल्या सदरमधल्या चर्चशी नाही.

अशा चर्चमध्ये वेदीच्या मागे उभा राहून लोकांकडे तोंड करणारा धर्मगुरू आपोआप दाराकडे, म्हणजे पूर्वेला बघतो. लोक तेव्हा काय करायचे, वळायचे की नाही, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. पण चौथ्या शतकाच्या शेवटी रोममध्येच सेंट पॉलचं चर्च मोठं करायला घेतलं तेव्हा दिशा फिरवून वेदी पूर्वेकडे नेली. त्यानंतर ती रीत पक्की होत गेली.

---

धंतोलीचा_वाचक

फक्त एक भर. सगळ्या ख्रिस्ती परंपरांना पूर्वेचं एवढं अगत्य नाही. आपल्या नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पठडीत वेदीपेक्षा प्रवचनाचा चौथरा मोठा. लोकांना शब्द ऐकू गेला पाहिजे, दिशा कुठलीही चालेल. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांना मात्र एकोणिसाव्या शतकात पूर्वेचं, रंगीत काचेचं, उंच वेदीचं नव्याने वेड लागलं, आणि सिव्हिल स्टेशन-छावण्यांतली चर्च नेमकी त्याच काळातली.

मजा म्हणजे या दोन्ही पठड्या एकत्र आल्या त्या इथेच. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, सहा मंडळ्या मिळून. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, सगळे एका छत्राखाली. दिशेवर अडून बसले असते तर ती बैठक संपलीच नसती.

अवांतर: हिस्लॉपना नुसते मिशनरी समजू नका. भूगर्भ आणि पुरातत्त्व यांत मोठं काम. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुरात बुडून गेले.

---

सिव्हिल_लाइन्सचा_भटक्या

आता नवीन चर्च बांधताना कुणी बघतं का हे?

---

थिओडोलाइट

बघतात, पण नकाशावर नाही, मनात. वेदी ज्या टोकाला असेल त्याला उपासनेपुरती "पूर्व" म्हणायचं, भौगोलिक काहीही असो. इंग्लंडात १९६२ चं नवं कॉव्हेंट्री कॅथेड्रल उत्तर-दक्षिण आहे आणि लिव्हरपूलचं भलंमोठं अँग्लिकन कॅथेड्रलही. तिथल्या माहितीपत्रकात "पूर्वेची खिडकी" लिहिलेली असली तरी ती खरोखर पूर्वेला असेलच असं नाही.

आपल्याकडे तर प्लॉट ठरवतो. सध्या माझ्या टेबलावर हिंगणा रोडकडच्या एका छोट्या मंडळीचं काम आहे. लांबुळका प्लॉट, रस्ता पूर्वेला, दोन्ही बाजूंना घरं, मागे अरुंद गल्ली. पाळकांनी विचारलं, "वेदी पूर्वेला बसते का?" बसवली तर दार मागच्या गल्लीत जातं, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एक मागे घ्यावी लागते. शेवटी दार रस्त्याकडे, वेदी पश्चिमेला. वर उंच झरोके घेतलेत उत्तरेकडून, म्हणजे उजेड मिळतो आणि ऊन लागत नाही.

---

खरबीचा_भाऊ

म्हणजे पूर्वेले दार, पश्चिमेले वेदी. थे त रोमच्या सेंट पीटर्सवानी झालं ना बे! पाळकायले सांग, वेदीच्या मागं उभं राहून लोकायकडे पाहा म्हणा, त्यायचं तोंड बरोब्बर पूर्वेले होते.

---

थिओडोलाइट

भाऊ, हे मी उद्याच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव न घेता वापरणार आहे.